कासीम मिस्त्रीचा अंगठा

जगातली निम्मी माणसं कासीम मिस्त्रीला आवडत नसत, आणि उरलेली निम्मी त्याला अजून भेटली नव्हती म्हणून वाचली होती. सोलापूरच्या भवानी पेठेत, एका टॉवेलच्या गोदामाला पाठ लावून उभ्या असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो चव्वेचाळीस वर्षं एकच काम करत आला होता. गाडीचं स्टेअरिंग. इंजिनाला तो हात लावत नसे, ब्रेकला लावत नसे. कुणी चुकून, "मिस्त्री, तेवढा हॉर्नपण बगा की," असं म्हणालं, तर तो त्या माणसाकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघे आणि पुन्हा गाडीखाली सरके. खालून आवाज येई, "हॉर्नवाल्याकडं जा. हितं गाडी वळवतात, बोंबलवत न्हाईत."

सगळ्यात जास्त राग त्याला आपल्याच धंद्यातल्या लोकांचा होता. आजकालचे मेकॅनिक म्हणजे त्याच्या मते वाणी. जुना पार्ट काढायचा, डबा फोडून नवा बसवायचा आणि रिकामा डबा पुराव्यासारखा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. याला तो रिपेरी म्हणायला तयार नव्हता. कॉम्प्युटर लावून चाकं सरळ करून देणारी काचेची दुकानं निघाली तेव्हा तर तो आठवडाभर खूश होता, कारण हसायला काहीतरी मिळालं होतं. "कागद देतात म्हणं, छापील. घाटात काय कागद वाचत बसणाराय?" गिऱ्हाइकांचंही त्याच्याकडे काही बरं चालत नसे. एकजण शेजारी उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ लावून 'असं करतात बगा' असं दाखवायला लागला, तेव्हा कासीमनं तो मोबाइल शांतपणे त्याच्या हातातून घेतला आणि जळक्या तेलाच्या बादलीत अलगद उभा ठेवला.

आणि हा माज उगाच नव्हता, एवढं त्याच्या शत्रूंनाही मान्य करावं लागे. स्टेअरिंग फिरवलं की चाक वळतं, आपल्याला तेवढंच माहीत असतं. मध्ये दांड्या असतात. दांड्यांच्या टोकाला वाट्या, वाटीत पोलादी गोळा, गोळ्याला खाली निमुळती खुंटी. ही खुंटी पुढच्या लोखंडाच्या भोकात पाचरीसारखी गच्च बसते आणि वरून नट लागतो. अशा जागा डुक्कर फियाटसारख्या गाडीत सहा. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन गोळे झिजतात, वाट्या झिजतात आणि मध्ये केसाएवढी ढिलाई येते. मिस्त्री लोक तिला प्ले म्हणतात. सहा ठिकाणचे सहा केस एकत्र आले की स्टेअरिंग पाव चक्कर फिरलं तरी चाक जागचं हलत नाही, आणि एखादी खुंटी मोडली की मग कुठं जायचं ते गाडीच ठरवते.

हा प्ले कासीम अंगठ्यानं पकडायचा. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. कासीम गाडीखाली उताणा. अंगठा अर्धा दांडीवर, अर्धा खुंटी बसते त्या लोखंडावर. दोन्ही एकदम हललं तर ठीक. एक आधी आणि दुसरं मागून हललं, तर उघडायचं. बाकीचे मिस्त्री खुंटीला शेंदूर चोपडून भोकात फिरवतात आणि ती कुठं टेकते, कुठं टेकत नाही ते बघतात. कासीम म्हणे, शेंदूर आंधळ्यांसाठी असतो. त्यानं अंगठा काढून नुसतं "हं" म्हटलं की ट्रकवाले तुळजापूरचा घाट गाणी म्हणत उतरायचे.

वर बसून स्टेअरिंग हलवणारं माणूस म्हणजे सायराबानू, त्याची बायको. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हाताखालचा गडी कासीमचं तोंड सहन न होऊन पळून गेला, तेव्हा शेडमागच्या घरातून त्यानं तिला हाक मारली, "जरा दोन मिनिटं येऊन बस." त्या दोन मिनिटांना आता चाळीस वर्षं होत आली होती. मध्ये जोया झाली, शिकली, लग्न होऊन नातेपुत्याला गेली. सायराबानू पदराला हात पुसत यायची, सीटवर चढायची आणि सांगेल तसं हलवायची. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, सगळ्यांच्या ड्रायव्हरच्या जागी ती बसली, आणि एकही गाडी तिनं एक फूट पुढे नेली नाही. एकदा तिनं शिकवा म्हणून विचारलं होतं. "तुला कुटं जायचंय?" असं म्हणून कासीमनं तो विषय संपवला होता.

घरात दोघं दखनी बोलत. शेडमध्ये मात्र मराठीच, मग गिऱ्हाईक असो वा नसो. धंद्याच्या जागी घरातलं बोललं की बायको डोक्यावर बसते, असं कासीमचं मत होतं. त्यामुळे शेडमधलं त्याचं तिच्याशी बोलणं म्हणजे "हळू", "परत", "हात हाय का मुसळ?" आणि "उतर". एवढ्या वर्षांत त्यात भर पडली नव्हती.

सिद्धेश्वर मालकांची गाडी शेडमध्ये आली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मालकांचे टॉवेलचे माग. गाडी त्यांच्या आजोबांची, चनमल्लप्पांची. डुक्कर फियाट, गोलमटोल, नाकाड पुढे काढलेली, सत्तरीला आलेली. पंचवीस वर्षं ती गोदामात सुताच्या गाठोड्यांखाली पडून होती, तेव्हा आजोबांची आठवण कुणाला झाली नाही. मग मालकांनी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन बघितलं आणि आजोबांविषयी त्यांचं मन एकदम भरून आलं.

आता मुलीचं, शिवलीलाचं लग्न ठरलं होतं. नवरी स्वतः पणजोबांची गाडी चालवत मंगल कार्यालयात येणार, खिडकीतून हात हलवणार, वरून ड्रोन शूटिंग करणार, असा बेत होता. कार्यालय अक्कलकोट रोडवर, मालकांच्या घरापासून चार किलोमीटर. त्या रस्त्यावर दिवसभर सुताचे आणि सिमेंटचे भरलेले ट्रक धावतात, त्यांना ड्रोनचं कौतुक नसतं.

"मिस्त्री, जरासा प्ले हाय म्हणतात," मालक म्हणाले. पांढरा झब्बा, कपाळाला विभूती, हातात दोन मोबाइल. "तेवढा काढून द्या. बाकी गाडी एकदम टकाटक हाय. पुण्यातल्या माणसाकडनं करून घेतलीय, आठ महिने ठिवली होती त्यानं."

"आठ महिन्यांत त्याला स्टेअरिंग न्हाई दिसलं?"

"दिसलं की! खालनं बगा तर तुमी."

कासीम खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा गाडीखाली कुणीतरी घाण करून ठेवल्यासारखा चेहरा घेऊन आला.

पुण्यातल्या त्या माणसानं स्टेअरिंगच्या सगळ्या दांड्यांना क्रोम केलं होतं. लखलखीत, तोंड बघावं असं. दांड्यांवर भागलं नाही म्हणून खुंट्याही काढून चमकवल्या होत्या.

"हे चमकवायला कुणी सांगितलं?"

"मीच की," मालक अभिमानानं म्हणाले. "प्रदर्शनात गाडीखाली आरसा ठेवतात, मिस्त्री. लोक वाकून बगतात. त्याचे मार्क असतात."

"क्रोमच्या आधी घासून गुळगुळीत करतात, म्हाईत हाय? घासलं की खुंटी बारीक हुती. बारीक खुंटी भोकात बसत न्हाई, नुसती उभी ऱ्हाती. वरनं नट आवळा नायतर नवस बोला." कासीमनं फडक्याला हात पुसले. "मालक, पोरीला दागिने घालता तसं तिच्या हाडांना पॉलिश पण करून घेतलं का?"

मालक खो खो हसले. कासीमकडून अपमान करून घेणं ही सोलापुरातल्या जुन्या गाडीवाल्यांत आता मिरवायची गोष्ट झाली होती. बोलणं खाल्लं म्हणजे काम पक्कं, असं ते एकमेकांना सांगत. कासीमला याचा पत्ता नव्हता. त्याला वाटे, आपलं बोलणं लागतं म्हणून लोक हसून लपवतात.

पण काम त्यानं हातात घेतलं, कारण अशी गाडी आता वर्षाकाठी एखादीच यायची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली त्याला बघवली नसती. आठ दिवस त्यानं जीव ओतला. ट्रकच्या जुन्या अॅक्सलचं पोलाद कापून चार खुंट्या लेथवर नव्यानं काढल्या, लाल करून तेलात बुडवून त्यांना पाणी दिलं. गनमेटलच्या सहा वाट्या घडवल्या. हे सगळं करताना पुण्यातल्या माणसाचा, त्याच्या गुरूचा आणि आरशाचा उद्धार चालू होताच. उरलेल्या दोन खुंट्यांवरचं क्रोम मात्र त्यानं खरवडून काढलं, भोकात बसवून वर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "ह्या बऱ्या हायत." चांगलं असलेलं काढून टाकणं हा पार्ट बदलणाऱ्यांचा धंदा. आपण मिस्त्री.

आता जे सांगायचं आहे ते कासीमनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा अंगठा मेला होता.

एकदम नव्हे. दोन वर्षांपूर्वी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बरंच काही गेलं. साखर वाढलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं होतं, "बोटं बधिर होतात का?" त्या पोराच्या मिशाही नीट फुटल्या नव्हत्या, त्याला काय सांगायचं म्हणून कासीम "न्हाई" म्हणाला आणि गोळ्या घेऊन आला. तेव्हापासून तो गाडीखाली अंगठा ठेवायचा, पूर्वीसारखा डोळे मिटायचा, आणि आवाजावरून, सवयीवरून, चेहरा बघून पत्ते ओळखणाऱ्यासारखा अंदाज करायचा. लोकांच्या जिवाशी तो जुगार खेळत होता आणि त्याला अनुभव म्हणत होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर कासीमनं त्याला चौकात उभा करून सोलला असता.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला शेवटची तपासणी होती. नऊला मालक गाडी न्यायला येणार, बारा पस्तीसचा मुहूर्त. सायराबानू सीटवर बसली. कासीम पोत्यावर उताणा होऊन खाली सरकला. ती हलवत राहिली, तो एकेका जागी अंगठा ठेवत गेला. पाच जागांवर "हं" झालं. सहावी जागा डाव्या चाकाजवळची, जुनी खुंटी असलेली.

"हं," कासीम म्हणाला.

"हात घसरला माजा. परत बगा."

"चाळीस वर्षं झाली, अजून हातच घसरालाय." त्यानं परत अंगठा ठेवला. "हं."

"अजून एकदा."

कासीम बाहेर आला, पाठीवरची माती झटकली. "उतर."

सायराबानू उतरली नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या पत्र्याकडे बघत बसली.

"बानू, ऐकू येतंय का? मालक येतील. उतर."

"मैं नै उतरती," ती म्हणाली.

शेडमध्ये दखनी! कासीमला आधी त्याचाच राग आला. नकाराचा राग यायला थोडा वेळ लागला, कारण नकार त्या सीटवरून पहिल्यांदाच येत होता.

"डाव्या चाकाला प्ले हाय," ती आता मराठीत म्हणाली. "माज्या हाताला कळतंय. डावीकडं वळवायला लागलं की आधी एक टिचकी बसती, मग चाक येतं. तुमच्या अंगठ्याला कळत न्हाई."

"काय म्हणालीस?"

"परवा सकाळी तुमचा अंगठा तव्याला टेकला. टेकलेलाच हुता. मी हात वढला तर तुमी म्हणाला, काय झालं. टम्म फोड आला तरी तुमी निवांत चहा पीत बसला." तिचा आवाज चढला नव्हता. "आनि माजा हात कदी घसरत न्हाई. गेली दोन वर्षं एकदाबी घसरला न्हाई. प्ले कळला की मी म्हणती, घसरला, परत बगा. दोन-तीनदा म्हटलं की तुमी चिडून उघडता, आनि उघडलं की तुमाला सापडतं."

 दोन वर्षांत आपण पकडलेले प्ले कासीमला एकामागून एक आठवायला लागले. पाण्याच्या टँकरचा. इंडीहून आलेल्या काळ्या जीपचा. शाळेची पोरं नेणाऱ्या टेम्पोचा, ज्याच्या मालकानं नंतर पेढे आणून दिले होते. त्या प्रत्येक वेळी तिचा हात घसरला होता, आणि प्रत्येक वेळी त्यानं तिला मुसळ म्हटलं होतं.

एवढं कळल्यावर एखादा खाली बसला असता. कासीम पेटला. "तू शिकवणार मला? वर बसून नुसतं हलवणारी बाई तू! गाडीखाली काय असतंय, बगितलंयस तरी का कदी?"

"न्हाई बगितलं," ती म्हणाली आणि उतरली. पदर कमरेला खोचला, पोतं ओढलं, आणि चौसष्ट वर्षांची ती बाई गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसली, आडवी झाली आणि गाडीखाली गेली. बाहेर फक्त तिच्या चपला राहिल्या.

"बसा वर," खालून आवाज आला. "हलवा."

कासीम उभाच राहिला. निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. पण जायचं कुठं? शेड त्याची, घर मागंच. शेवटी तो सीटवर चढला. सीट अजून गरम होती. त्यानं स्टेअरिंग डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं. त्याच्या हाताला काहीसुद्धा कळलं नाही. टिचकी नाही, ढिलाई नाही, काही नाही. लाकडाच्या ओंडक्याला धरून बसल्यासारखं वाटलं. तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला.

"हितं," सायराबानू खालून म्हणाली. "दांडी आधी जाती, लोखंड मागनं येतंय. उघडा हे."

त्यानं उघडलं. नट गच्च होता, पान्याला जोर लावावा लागला. क्षणभर त्याला हायसं वाटलं आणि "बग, घट्ट हाय की," असं तो बोलूनही गेला. मग खुंटी हातात आली. कधी नव्हे तो तिला शेंदूर लावला, भोकात घालून फिरवली, बाहेर काढली. एका बाजूला नखाएवढा शेंदूर पुसला गेला होता. बाकी सगळा जसाच्या तसा. एवढ्या नखभर टेकूवर ती उभी होती. नट गच्च होता तो आटे संपल्यामुळे. खुंटीला नटानं धरलंच नव्हतं. हे आठ दिवसांपूर्वीही दिसलं असतं. कुठल्याही शिकाऊ उमेदवाराला दिसलं असतं. पार्ट बदलणाऱ्या वाण्याला तर हा प्रश्नच पडला नसता, त्यानं सहाच्या सहा नव्या घातल्या असत्या.

कासीमनं सवयीनं शिवी घालायला कुणीतरी शोधलं. पुण्यातला माणूस होता, मालक होते, आरसा होता. तिघांनाही घालून झाल्या, तरी शिवी उरलीच. ती कुणाची आहे हे त्याला कळत होतं, आणि चव्वेचाळीस वर्षं लोकांना फुकट वाटलेली ही गोष्ट गिळायला इतकी कडू असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नऊला पाच कमी असताना मालक आले. बरोबर फुलवाला, फोटोवाला आणि हिरव्या इरकलीत नटलेली शिवलीला. ती उतरली तीच हसत. "काका, झाली का हो गाडी?" असं म्हणून ती फियाटच्या बॉनेटवर हात फिरवायला लागली. फुलवाल्यानं माळांची टोपली खाली ठेवली. मग मालकांना कासीमच्या हातातली खुंटी दिसली आणि शेंदूर लागलेली बोटं दिसली.

"काय झालं, मिस्त्री? सकाळी फोनवर तयार म्हणाला की तुमी."

उत्तर कासीमच्या जिभेवर होतं. ते खोटंही नव्हतं. "तुमच्या क्रोमनं खाल्ली ही," तो म्हणाला. "बगा. घासून घासून बारीक केलीय."

"माजंच चुकलं," मालकांनी तिथल्या तिथं कान पकडले. "यप्पा, पुन्हा क्रोमचं नाव काढणार न्हाई. पण आता काय करू? निम्मं गाव तितं उभं हाय, ड्रोन लावून ठिवलाय. एक वायसर टाका, घट्ट आवळा. चार किलोमीटरचा तर प्रश्न हाय. तुमी एकदा अंगठा ठेवा आनि हं म्हणा, बास झालं मला. तुमच्या हं वर पोरगी बसवतो मी."

सगळे कासीमकडे बघत होते. शिवलीलाही बघत होती, बॉनेटवर हात तसाच ठेवून. तिच्या चेहऱ्यावर काळजीचं नावसुद्धा नव्हतं. मिस्त्री आहेत म्हटल्यावर ती काळजी कशाला करेल?

कासीमनं खुंटी सायराबानूच्या हातात दिली. अंगठा वर धरला. त्यावरचा फोड फुटून काळा पडला होता.

"माज्या हं ला आता अर्थ न्हाई, मालक," तो म्हणाला. "ह्याला काय कळत न्हाई. दोन वर्षं झाली. क्रोम तुमचं, पण ही खुंटी पास मी केली हुती. चूक हिनं पकडली."

 फोटोवाल्यानं उगाच कॅमेऱ्याचं झाकण लावलं. कासीमला वाटलं होतं मालक हसतील, कारण मालक त्याच्या प्रत्येक बोलण्याला हसत आले होते. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी आधी मुलीकडे आणि मग कासीमकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"हात गेलाय म्हणता," ते सावकाश म्हणाले, "मग दोन वर्षं आमी हितं काय नुसत्या शिव्या खायला येलालोय होय?"

   मालक कासीमकडे पाठ करून सायराबानूकडे वळले. इतक्या वर्षांत शेडमध्ये आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकानं तिच्याकडे पाणी सोडून काही मागितलं नव्हतं.

"भाभी, तुमी सांगा. किती वेळ लागंल?"

सायराबानूनं खुंटी पदरानं पुसली, उजेडात धरून बघितली. ती घाई करत नव्हती. फुलवाला, फोटोवाला, नवरी, मालक, सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबले. आणि त्यांच्यात, एका पावलावर, कासीमही.

"नवी काढायची, पाणी द्यायचं, बसवायची. तीन वाजतील," ती म्हणाली. "पोरीला दुसऱ्या गाडीतनं न्या. संध्याकाळी पाठवणीला ही न्या. पर त्याच्या आदी मी हात लावून बगनार."

मालकांनी मान हलवली. शिवलीलाचे डोळे भरले, काजळाला जपत तिनं ते टिपले. माळा तशाच टोपलीत परत गेल्या, आणि सगळे आले तसे दोन गाड्यांत बसून निघून गेले.

कासीम लेथकडे गेला. पोलादाचा तुकडा काढला, पट्टा चढवला, बटणाकडे हात नेला आणि थांबला. मग तसाच परत आला. सायराबानू पोतं झटकत होती. तो तिच्यापाशी उभा राहिला.

"बानू," तो म्हणाला, "उजवीकडची पण जुनीच हाय. मी हं म्हटलेली. ती बगतीस का?"

"बगती," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. "तुमी वर बसा."